विहीर, धोंडा आणि ९.८

आमच्या शिक्षणांतील एका प्रतिष्ठित लबाडीविषयीं आज चार शब्द लिहिणें भाग आहे. ती विद्यार्थी करितात, शिक्षक चालवून घेतात, आणि तिच्या जोरावर मिळालेल्या गुणांचे पेढे आपण सुशिक्षित पालक वांटतों.

गेल्या उन्हाळ्यांत आम्ही आटपाडीस गेलों होतों. हा मुलूख पूर्वीं औंध संस्थानांत होता, आतां सांगली जिल्ह्यांत आहे. पाऊस बेताचा, म्हणून विहिरी खोल. एका आप्तांच्या मळ्यांत विज्ञान शिकणारे दोन मुलगे भेटले. पडत्या वस्तूचें त्वरण विचारतांच "९.८" हें उत्तर धोंड्याहूनही जलद पडलें! मग आम्हीं विचारलें, एक किलोचा आणि पांच किलोचा धोंडा एकदम सोडला, तर पाण्यास आधीं कोणता लागेल? "मोठा," दोघेही म्हणाले. धोंडे सोडले. कानांना आवाज एकच आला. गॅलिलिओनें १६३८ मध्यें ग्रंथांत मांडलेली गोष्ट त्या दोघांना त्या दिवशीं प्रथम कळली; आंकडा मात्र केव्हांच पाठ होता.

पुढें दोर सोडून पाण्यापर्यंतचें अंतर मोजलें. तें ६० फूट, म्हणजे सुमारें १८.३ मीटर भरलें. घड्याळानें वेळ एकदां १.८ सेकंद आली, एकदां २.१. हिशेब केला तों त्वरण एकदां ११.३ आणि एकदां ८.३! यांत नवल नाहीं. बोटाची चूक एकदशांश सेकंदाची असली तरी वेळेचा वर्ग करितांना ती दुप्पट होते. शिवाय आवाज वर येण्यासही सेकंदाचा विसावा भाग जातो. पण थोरला मुलगा शांतपणें म्हणाला, "सर, वहींत ९.८ च लिहायचें असतें."

आम्ही खालीं पाहिलें. अशा वह्यांवर तीस वर्षें आम्हींच सह्या केल्या आहेत.

१६७२ सालीं रिशे नांवाचा फ्रेंच ज्योतिषी विषुववृत्तानजीक केयेन येथें गेला. पॅरिसला बरोबर चालणारें त्याचें लंबकाचें घड्याळ तेथें दिवसाला सुमारें अडीच मिनिटें मागें पडूं लागलें. त्यानें आमच्या विद्यार्थ्यांप्रमाणें आंकडा "सुधारला" असता, तर पृथ्वी विषुववृत्तावर फुगलेली आहे, या न्यूटनच्या प्रतिपादनास केवढा आधार अंतरला असता! आणि गंमत अशी कीं, ९.८ हा आटपाडीचा नेमका आंकडाही नव्हे. तेथील अक्षांश व उंची धरतां तो ९.७८ च्या आसपास येतो. विषुववृत्तावर ९.७८, ध्रुवांवर ९.८३, आणि ९.८०६६५ हा प्रमाण आंकडा तर १९०१ मध्यें व्यवहाराच्या सोयीसाठीं ठरविलेला.

कोणी म्हणतील, परीक्षकच ९.८ मागतो, तेथें बापड्या पोरानें काय करावें? आक्षेप खरा आहे. म्हणूनच आमचा रोख पोरांवर नाहीं. ज्या वहींत ११.३ लिहून खालीं चुकीचें कारण दिलें आहे, तिला पूर्ण गुण द्यावेत, आणि जींत कारणावांचून ९.८ आहे, ती परत करावी. चूक कमी करण्याचा मार्गही महाग नाहीं. मीटरभर दोऱ्याला दगड बांधून शंभर झोके मोजावेत; त्यांस सुमारें २०१ सेकंद लागतात, आणि बोटाची चूक शंभरांत वांटली जाते.

आटपाडीच्या त्या मुलांनीं दुसऱ्या दिवशीं आंब्याच्या फांदीला दगड टांगला. त्यांचें उत्तर ९.७ आलें. धाकट्यानें विचारलें, "हेंच लिहूं का?" आम्हीं हो म्हटलें. त्याच्या शाळेंत त्या उत्तराला किती गुण मिळाले, तें विचारण्याचा धीर आम्हांस अजून झालेला नाहीं.