आंबा बागांची छाटणी : अनुदान आहे, यंत्र आहे, कुशल हातांचे काय?

कोकणातील हापूसच्या अनेक बागांनी चाळिशी-पन्नाशी ओलांडली आहे. दहा बाय दहा मीटरवर, म्हणजे हेक्टरी १०० झाडे या हिशेबाने लावलेल्या बागांत आज फांद्या एकमेकींत शिरल्या आहेत. आतल्या भागात ऊन पोहोचत नाही, मोहोर फक्त शेंड्याकडे येतो, फवारणी वरपर्यंत जात नाही आणि काढणीसाठी माणूस जीव मुठीत धरून चढतो. यावरचा उपाय नवा नाही. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने जुन्या बागांच्या पुनरुज्जीवनाचे तंत्र दिले आहे. एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानात त्यासाठी अनुदानाची तरतूद आहे. चेन सॉ आता तालुक्याच्या गावीही मिळतो.

तरीही अनेक बागायतदार छाटणीला घाबरतात. शेजारच्या बागेत छाटलेले झाड दोन-तीन वर्षांत वाळलेले त्यांनी पाहिलेले असते. असे झाड मरते तेव्हा दोष तंत्राला दिला जातो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा चूक कापात आणि त्यानंतरच्या दुर्लक्षात असते. योजनांची चर्चा होते, पण झाडावर चढून काप घेणाऱ्या माणसाच्या कौशल्याची होत नाही.

तोड आणि छाटणी ही दोन वेगळी कामे

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगड आणि उत्तर रत्नागिरीतील बागा झोपवल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्तेने किनारपट्टीला पुन्हा तडाखा दिला. तेव्हा रस्ते आणि घरांची छपरे मोकळी करणे हेच पहिले काम होते आणि त्यात वेग महत्त्वाचा होता. पडलेले झाड कुठूनही कापले तरी चालते. उभ्या, जगवायच्या झाडाला मात्र प्रत्येक काप पुढची वीस-तीस वर्षे सोसायचा असतो. यंत्र तेच आणि माणूसही तोच असला तरी काम वेगळे आहे. हा फरक मजुरी ठरवताना दिसत नाही.

अनेक ठिकाणी छाटणीचा व्यवहार लाकडावर होतो. ठेकेदार पैसे घेत नाही, निघालेले लाकूड घेऊन जातो. बागायतदाराला काम फुकटात झाल्यासारखे वाटते. पण ठेकेदाराचा फायदा जाड फांदीत असतो. झाडाला गरज असते ती मधली एखादी उभी फांदी काढून ऊन आत आणण्याची, वाळके आणि बांडगूळ लागलेले भाग काढण्याची आणि उंची बेताने कमी करण्याची. हे काम वेळखाऊ असते आणि त्यात लाकूड कमी निघते. त्यामुळे लाकडावर ठरलेल्या व्यवहारात गरजेपेक्षा जास्त कापले जाते. छाटणीची मजुरी रोख द्यावी आणि लाकूड वेगळे विकावे. एवढ्या बदलानेही बरेच नुकसान टळेल.

काप कुठे आणि कसा

झाडाची जखम माणसाच्या जखमेसारखी भरून येत नाही. झाड कुजणारा भाग आतून वेगळा पाडते आणि वरून नव्या सालीने झाकते. अमेरिकेच्या वनसेवेतील शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शिगो यांनी १९७०च्या दशकात ही प्रक्रिया मांडली आणि छाटणीच्या जुन्या पद्धती बदलल्या. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे सालीचा थोडा फुगवटा असतो. जखम झाकणारी नवी साल तिथूनच येते. म्हणून काप या फुगवट्याच्या लगेच बाहेर घ्यावा. खोडाला घासून कापले तर फुगवटाच जातो आणि कूज खोडात उतरते. लांब खुंट ठेवला तर तो वाळतो आणि किडीला वाट मिळते.

जाड फांदी एका कापात काढू नये. अर्ध्यात ती स्वतःच्या वजनाने तुटते आणि खोडाची साल खालपर्यंत सोलते. तीन काप घ्यावेत.

१. खोडापासून साधारण एक ते दीड फुटावर, फांदीच्या खालच्या बाजूने, जाडीच्या पाव ते एक तृतीयांश खोलीपर्यंत काप घ्यावा.
२. त्यापासून थोडे बाहेर, वरच्या बाजूने कापून फांदी उतरवावी. मोठी फांदी आधी दोराने बांधावी.
३. वजन गेल्यावर उरलेला खुंट फुगवट्याच्या बाहेर स्वच्छ कापावा.

पाऊस पूर्ण थांबल्यावरच काम करावे. कापलेल्या जागी त्याच दिवशी बोर्डो पेस्ट लावावी. त्यासाठी १ किलो मोरचूद आणि १ किलो कळीचा चुना प्लॅस्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे भिजवून एकत्र करावे, एकूण पाणी १० लिटर. धातूचे भांडे वापरू नये. एकदम उन्हात आलेल्या जाड फांद्यांची साल करपते, त्यांना चुना लावावा.

आंब्याचा खरा शत्रू मात्र त्यानंतर येतो. खोड पोखरणारे भिरूड ताज्या जखमांकडे आणि अशक्त झाडांकडे ओढले जाते. छाटलेल्या झाडांची खोडे दर आठ-पंधरा दिवसांनी पाहावीत. भुसा किंवा डिंक दिसला तर तारेने अळी काढून शिफारशीत कीटकनाशक छिद्रात सोडावे आणि ते बुजवावे. छाटणीनंतर वाळलेल्या झाडांपैकी अनेक झाडे भिरुडामुळे जातात, हे लक्षात ठेवावे.

फुटवे आल्यावर बाहेरच्या दिशेने वाढणारे मोजके जोमदार फुटवे ठेवून बाकीचे विरळ करावेत. दोन-तीन वर्षे उत्पन्न कमी राहते. म्हणून सगळी बाग एकाच वर्षी न छाटता एकाआड एक ओळ घ्यावी. छाटलेल्या झाडाला पूर्ण पालवी येऊन ते सावरेपर्यंत पॅक्लोब्युट्राझॉल देऊ नये.

पडला तर कोण पाहणार?

हे काम करणारा माणूस एका हाताने फांदी आणि दुसऱ्या हाताने चेन सॉ धरून उभा असतो. पायात चप्पल, कमरेला काही नाही. साखळीचे टोक लाकडाला लागले की यंत्र उलटे, थेट चेहऱ्याकडे उसळते. यंत्र दोन्ही हातांनी धरणे, खांद्याच्या वर न उचलणे, कमरपट्टा आणि दोर स्वतंत्र मजबूत फांदीला बांधणे, हेल्मेट, डोळ्यांना चष्मा आणि खाली एक जाणता माणूस ही किमान गरज आहे. वीजवाहिनी जवळ असेल तर पुरवठा बंद करून घेतल्याशिवाय झाडावर चढूच नये. ओली फांदी तारेला लागली तरी जीव जातो.

अपघात झाल्यास गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेचा आधार खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातील एका सदस्याला आहे. परक्याच्या बागेत चढणारा भूमिहीन मजूर त्यात बसत नाही. नेपाळहून हंगामासाठी येणारे कामगारही बसत नाहीत. स्थानिक मजुरासाठी निदान प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना तरी हवी. बँक खाते असलेल्या १८ ते ७० वयाच्या व्यक्तीला वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूसाठी दोन लाखांचे संरक्षण मिळते. हा हप्ता बागायतदाराने भरला तर त्याच्या खर्चात फरकही पडणार नाही.

माडाने दाखवलेली वाट

माडावर चढणाऱ्या पाडेल्यांची टंचाई कोकण आणि गोव्याला नवी नाही. केरळमध्येही हाच प्रश्न उभा राहिला, तेव्हा नारळ विकास मंडळाने २०११मध्ये ‘फ्रेंड्स ऑफ कोकोनट ट्री’ हा कार्यक्रम सुरू केला. त्यात तरुणांना चढण्याचे यंत्र, प्रशिक्षण आणि अपघात विमा या तिन्ही गोष्टी एकत्र दिल्या. शिवाय प्रशिक्षणात झाडाची निगाही होती. माडाच्या खोडाला नवी साल येत नाही, पायऱ्यांसाठी घातलेली खाच कायमची राहते, हे समजलेला माणूस खाच घालत नाही.

आंब्याच्या छाटणीलाही हेच लागू होते. यंत्राला अनुदान देताना ते चालवणाऱ्याचे प्रशिक्षण आणि विमा त्याच प्रस्तावात असावा. शेतकरी उत्पादक कंपन्यांना गावागावांत चार-पाच जणांचे छाटणी गट उभे करता येतील. पाऊस संपल्यापासून मोहोर येईपर्यंत छाटणी, पुढे काढणी, मग पावसाआधी धोकादायक फांद्या उतरवणे, असे वर्षातील बरेच महिने काम मिळाले तरच तरुण या कामात टिकतील.

काम देण्यापूर्वी

- मजुरी रोख ठरवा. कोणत्या फांद्या काढायच्या, ते आधी रंगाने खूण करून दाखवा.
- आधी एकच झाड छाटून घ्या. काप पाहा, मगच पुढचे काम द्या.
- आंबा हा महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीतील वृक्ष आहे. भारी छाटणी किंवा तोडीपूर्वी वन विभागाच्या स्थानिक कार्यालयात परवानगीची चौकशी करा. नगरपालिका हद्दीत १९७५चा वृक्ष संरक्षण कायदा लागू होतो.
- बोर्डो पेस्ट लावणे हा छाटणीच्या कामाचाच भाग धरा. ती लागल्याशिवाय त्या झाडाचे काम पूर्ण झाले असे मानू नका.
- चढणाऱ्याचा विमा आणि कमरपट्टा पाहिल्याशिवाय झाडावर चढू देऊ नका.