ॲपला सुतक कळत नाही

रोजचा मूड आणि सवयी ॲपमध्ये नोंदवणाऱ्या पोरांची नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या सकाळच्या मंडळींत बरीच टिंगल होते. आक्षेप ठरलेला: आम्ही कधी मनाचे हिशेब ठेवले नाहीत, आमचं काय अडलं? ऐकायला खमंग आहे, पण खरं नाही. याच मंडळींच्या देवघरात लिखित जपाच्या वह्या असतात, रामनामाने काठोकाठ भरलेल्या. टाकळीला समर्थ रामदासांनी बारा वर्षं तप केलं, तेरा कोटी जप पुरा केला, ही परंपरा ते अभिमानाने सांगतात. म्हणजे आकडा त्यांना पाठ आहे. जपमाळ ही तरी मोजायचीच सोय ना? तेव्हा मोजण्याला नाक मुरडण्याचा अधिकार निदान नाशिककरांना नाही.

आणि द्राक्षवाल्यांचं काय? दिंडोरी-निफाडकडच्या बागाईतदाराला तारीख विचारा, तो आधी छाटणीपासून कितवा दिवस ते सांगेल. पोंगा कधी फुटला, डिपिंग कधी केलं, डाऊनी रोगासाठी कोणतं औषध मारलं, लिटरला किती, आभाळ होतं की ऊन, काढणीआधी किती दिवस हात आखडायचा, सगळं वहीत. युरोपला माल धाडायचा तर ‘ग्रेपनेट’वर बागेची नोंदणी लागते, फवारणीच्या नोंदी ठेवाव्या लागतात. या वहीला कुणी रिकामटेकडेपणा म्हणत नाही. बागेसाठी जे शहाणपण, ते स्वतःसाठी थेर कसं ठरतं?

इथवर मी ॲपवाल्यांच्या बाजूने. पुढे मात्र आमच्या वाटा फुटतात.

एकवीस दिवस सलग केलं की सवय लागते, हा त्यांचा आवडता मंत्र. त्याचा माग मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या 1960 मधल्या पुस्तकापर्यंत लागतो. माल्ट्झ सांगत होता ते असं, की शस्त्रक्रियेनंतर आरशातला नवा चेहरा आपला वाटायला रुग्णाला साधारण एवढे दिवस लागतात, तेही किमान. रोज पळायला जाण्याच्या सवयीशी याचा काय संबंध? लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांवर केलेला अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस, आणि माणसागणिक 18 पासून 254 पर्यंत, असा त्यांचा अंदाज निघाला. शिवाय एखादा दिवस चुकल्याने फारसं काही बिघडत नाही, हेही दिसलं. म्हणजे एक दिवस राहिला की साखळी तुटली, पुन्हा शून्यापासून, हा ॲपचा सगळा धाक पोकळ आहे.

यावर कुणी म्हणेल, अनुष्ठानही खंडित होतंच की. होतं. पण आपल्याकडे सुतक आलं की घरची पूजा दुसऱ्या कुणाकडून करून घेतात, आजाऱ्याला उपास माफ असतो. ॲपला सुतक कळत नाही. घरात मयत झालेलं असलं तरी रात्री दहाला ते विचारणारच: आज आठ ग्लास पाणी झालं का?

दुसरा दावा आलेखाचा. रोज पाच चेहऱ्यांपैकी एकावर बोट ठेवा, महिन्याने स्वतःची ओळख पटेल म्हणे. पण नोंदी कितीही ठेवल्या तरी काहीतरी निसटतंच, हे द्राक्षवाल्यांना ठाऊक आहे. 2010 मध्ये इथून तपासून गेलेली द्राक्षं क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशांमुळे युरोपात अडकली. हे काही कीडनाशक नव्हे, वेलीची वाढ आवरायचं औषध. वह्या होत्या, प्रयोगशाळा होत्या, तरी ते सुटलं. ॲपचंही तसंच. त्यात झोप, पाणी, व्यायाम, ध्यान असे रकाने तयार मिळतात. थकलेला हप्ता, लासलगावला कांद्याचा पडलेला भाव, भावजयीचा टोमणा यांना रकाना नाही. मग आलेखात दर मंगळवार लाल दिसतो आणि उपाय निघतो लवकर झोपण्याचा.

‘मंगळवार, वाईट’ या नोंदीतून काही हाती लागत नाही. ‘मंगळवार. साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं, डबा तसाच परत आणला, रात्री दोनपर्यंत रील्स’ यातून लागतं. जेम्स पेनेबेकर यांच्या 1986 च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी चार दिवस रोज पंधरा मिनिटं आपल्या आयुष्यातल्या क्लेशकारक प्रसंगांबद्दल लिहिलं. घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या आरोग्यकेंद्राच्या फेऱ्या पुढच्या महिन्यांत कमी झाल्या. गंमत अशी, की लिहून उठताना ही मुलं जास्तच उदास असायची. त्या क्षणी ॲपने विचारलं असतं तर त्यांनी रडका चेहरा निवडला असता, आणि आलेख म्हणाला असता, लिहिणं तब्येतीला वाईट.

चेहऱ्यांचा तक्ता अगदीच निरुपयोगी, असंही नाही. मनाचे चढउतार हाच ज्यांचा आजार आहे, त्यांच्या डॉक्टरांना असा तक्ता उपयोगी पडतो. पण तिथे तो वाचणारा जाणकार माणूस समोर असतो. बागाईतदारही वही नुसती भरत नाही. पुढची फवारणी ठरवताना मागची पानं उलटतो. आपल्यातले किती जण महिनाभराच्या नोंदी एका बैठकीत वाचतात?

मग साधी वहीच का नको? कारण सिडकोतल्या दोन खोल्यांच्या घरात वही लपत नाही. नव्या सुनेची तर नाहीच. फोनला निदान कुलूप असतं, आणि ॲपच्या बाजूने मला हा सगळ्यात वजनदार मुद्दा वाटतो. मात्र ते कुलूप घरच्यांपुरतं. ऑनलाइन समुपदेशन देणाऱ्या बेटरहेल्प या अमेरिकी कंपनीने ग्राहकांची माहिती जाहिरातीसाठी फेसबुकसारख्यांना पुरवल्याचा ठपका तिथल्या व्यापार आयोगाने ठेवला. 2023 मध्ये तिला 78 लाख डॉलर देणं मान्य करावं लागलं. आपल्याकडेही त्याच वर्षी वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, पण कायद्याच्या भरवशावर मनातलं कुणी परक्याच्या घरी ठेवून येत नाही. तेव्हा नोंदी फोनमध्येच ठेवणारं, खातं उघडायला न लावणारं आणि हवं तेव्हा सगळं फाइलीत काढून देणारं ॲप मिळालं तर खुशाल वापरा. साखळीची सूचना पहिल्याच दिवशी बंद करा. आणि चेहऱ्यांचा रकाना कोरा सोडून थेट खालच्या मोकळ्या चौकटीत लिहायला बसा. बहुतेक ॲप त्याला हरकत घेत नाहीत.