ओटीपी द्यायची घाई नको!

नवीन फ्लॅट, नवीन सोफा, नवीन फायबर! कनेक्शन लागलं की आपल्यातला प्रत्येक जण पहिली गोष्ट काय करतो? स्पीड टेस्ट. आणि दुसरी? त्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर. मला या स्क्रीनशॉट्सचं फारसं कौतुक नाही बुवा. राउटरपासून दोन फुटांवर उभं राहून, भर दुपारी काढलेला आकडा सांगतो काय? खरी परीक्षा जुलैतल्या रात्री साडेनऊला असते. बाहेर धो धो पाऊस आणि स्क्रीनवर अमेरिकेतला क्लायंट!

म्हणून इन्स्टॉलेशनवाला येतो तेव्हा मी भिंतीकडे बघते.

फायबर म्हणजे काचेचा तंतू. ज्या गाभ्यातून प्रकाश धावतो तो जेमतेम ९ मायक्रॉनचा, आपल्या केसाहून कितीतरी बारीक. विजेच्या वायरसारखी ती कोपऱ्यात काटकोनात दुमडली, की प्रकाश वळणावरच बाहेर सांडतो. वळणं सोसणारी खास फायबर मिळते, पण तिचेही लाड मर्यादितच. रुपयाच्या नाण्यापेक्षा घट्ट वळण दिसलं की मी टोकते. सगळ्यात मोठा गुन्हा घडतो तो स्लायडिंग खिडकीत. ड्रिलचा कंटाळा म्हणून वायर चॅनलमधून आत घुसवतात, आणि मग आपणच रोज एसी लावताना खिडकी सरकवून तिचा गळा दाबतो. भोक पाडलंच तर ते बाहेरच्या बाजूला उतरतं हवं. शिवाय आत शिरण्याआधी वायरला खाली एक झोल हवा. म्हणजे पावसाचं पाणी झोलावरून टपकतं, हॉलच्या नव्याकोऱ्या पेंटवर उतरत नाही.

आता खरा आकडा. एमबीपीएस नव्हे, डीबीएम! पॉवर मीटर लावून दाखव, असं सरळ सांगायचं. घरोघरी असलेल्या जीपॉन कनेक्शनमध्ये आपला बॉक्स साधारण उणे ८ ते उणे २७ डीबीएमपर्यंतचा प्रकाश वाचतो. उणे १८-२० आलं तर मी चहा विचारते. उणे २६ आलं तर चहा नंतर, आधी जोड पुन्हा कर! आज चालेल हो, पण दर ३ डीबीला प्रकाश निम्मा होतो आणि काठावरच्या कनेक्शनला एखादा मळका जोडही पुरतो. मीटरचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. सहा महिन्यांनी कस्टमर केअर ‘राउटर रीस्टार्ट करून बघा’ची टेप लावतं, तेव्हा हाच पुरावा. हां, आणि कनेक्टरच्या टोकात डोकावू नका. तो लेझर डोळ्यांना दिसत नाही, पण असतो.

लॅपटॉप लॅन केबलने जोडूनही बघा. २०० चा प्लॅन आणि आकडा ९४-९५ वर अडकलाय? मग फायबरला शिव्या देऊ नका. केबलच्या आठ तारांपैकी चारच धड जोडल्या असतील, नाहीतर पोर्टच १०० चं असेल. आणि राउटर शू-रॅकमध्ये लपवू नका, प्लीज! दिसायला छान, पण वाय-फाय आधी तुमच्या चपलांना मिळतं.

शेवटी तो ओटीपी मागतो. ओटीपी म्हणजे ‘काम नीट झालं’ यावर तुमची सही. त्या बिचाऱ्याला अजून बरीच घरं उरकायची असतात, त्याच्यावर डाफरण्यात अर्थ नाही. पण तो एकदा बाइकवर बसून गेला, की पुढचं सगळं तक्रार नंबरच्या भरवशावर. तेव्हा तो ड्रिल आवरत असताना मी बेडरूमचं दार लावून मैत्रिणीला व्हिडिओ कॉल करते. दहा मिनिटं गॉसिप झालं आणि तिचा चेहरा एकदाही थिजला नाही, की बाहेर येऊन ते आकडे सांगते.