सातव्या दिवसाचे देणेकरी

रविवारच्या आठवणी काढताना आपला सुशिक्षित समाज फार हळवा होतो. रविवारचे मटण, रविवारची मालिका, जेवणानंतरची ती सुस्त दुपार, यांवर किती लिहिले गेले, किती बोलले गेले! पण ते मटण कोणी शिजवले, त्या ताटांचा ढीग कोणी घासला, हे त्या आठवणींत सहसा येत नाही. ज्या सुट्टीचे आपण गोडवे गातो, ती सुट्टी आपण आपल्याच घरातल्या निम्म्या माणसांना कधी दिलेली नाही, आणि आठवणींतूनही त्यांना वगळून टाकले आहे. हा दुहेरी अन्याय आहे. त्याला अन्याय म्हणण्याची वेळ कधीच येऊन गेली.

आमचे बालपण भुसावळजवळच्या दीपनगरात गेले. औष्णिक वीज केंद्राची ही वसाहत. 1968 साली इथला पहिला संच सुरू झाला. पुढे 1979 आणि 1982 मध्ये 210 मेगावॅटचे दोन संच आले आणि त्यांच्याबरोबर नोकरीच्या निमित्ताने गावोगावची कुटुंबे क्वार्टरांत राहायला आली. वीज केंद्राला स्वतःला रविवार नसतो. कोळशाच्या वाघिणी येतच राहतात, बॉयलर पेटताच राहतो. ज्या घरातले वडील जनरल शिफ्टला, तिथे रविवारी सकाळपासून त्यांचा आवाज असे; ज्या घरातले वडील पाळीत, तिथे "हळू बोला, बाबा नाइट करून आलेत" अशी दटावणी असे. पण पाळीतल्या वडिलांनाही ऑफ मिळेच. मंगळवारी मिळो की गुरुवारी, तो दिवस त्यांचा असे आणि हजेरीपुस्तकात तसा लिहिलेला असे.

25 जानेवारी 1987 पासून दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'रामायण' लागू लागले आणि 2 ऑक्टोबर 1988 पासून 'महाभारत'. त्या वेळी वसाहतीतले रस्ते ओस पडत. ज्याच्या घरी टीव्ही, त्याच्या घरी अर्धी चाळ. आम्ही मुले पुढे जमिनीवर, मोठी माणसे मागे खुर्च्यांवर, आणि आई स्वयंपाकघरात. रविवार म्हणजे वरण-बट्टीचा बेत. बट्टीसाठी जाडसर पीठ घट्ट मळायचे, गोळे उकडायचे, निवले की कापायचे, मग तळायचे. शेजारी वरण उकळते आहे, वांग्याची भाजी घोटायची आहे. आईने 'रामायण' पाहिले नाही, ऐकले. मध्येच हात पुसत दारापर्यंत यायची, "आता काय झालं रे?" एवढे विचारायची आणि कढईतला घाणा जळेल म्हणून परत फिरायची. सगळ्यांची जेवणे झाल्यावर ती बसे, तेव्हा वरण निवलेले असे.

मागच्या दारी फेकरीकडून येणाऱ्या मावशी भांडी घासत. रविवारी भांडी दुप्पट, म्हणून त्या दिवशी त्यांची मुलगी सोबत असे. ती आमच्याच वयाची. चौकटीला टेकून ती मालिका पाही. आत ये, बस, असे कोणी म्हणत नसे. तिच्या आईची हाक आली की ऐन युद्धाच्या प्रसंगातून उठून ती विसळायला जाई. आम्हाला ते दिसत होते. लहान मुलांना सगळे दिसते. काय पाहायचे नाही, हे त्यांना मोठी माणसे शिकवतात. त्या रविवारांची आठवण आजही आनंद देते आणि त्याच क्षणी मान खाली घालायला लावते, ती यामुळे.

हा रविवार आपल्याला कोणी दानात दिलेला नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांत कामगार पहाटेपासून अंधार पडेपर्यंत राबत होते. सणावारांचे मोजके दिवस सोडले तर त्यांना सुट्टी नव्हती. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक विचारात घडलेले आणि 'दीनबंधू' पत्र चालवणारे नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली कामगारांच्या सभा भरवल्या. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. मागण्या साध्या होत्या: आठवड्यातून एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार वेळेवर, काम करताना दुखापत झाली तर भरपाई. सुट्टीची मागणी मान्य व्हायला सहा वर्षे गेली. 24 एप्रिल 1890 रोजी महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली आणि 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली.

त्या महालक्ष्मीच्या सभेतली एक गोष्ट शाळेच्या पुस्तकातून मुलांना कळायला हवी. तिथे दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. म्हणजे रविवार मागणाऱ्यांत बायकाही होत्या. गिरणीने त्यांना सुट्टी दिली. घराने दिली नाही. सवाशे वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी त्यांच्या नाती-पणतींना रविवारी सकाळी "आज काहीतरी स्पेशल कर" एवढेच ऐकायला मिळते. मालकाकडून जे भांडून घेतले, ते बायकोला द्यायला मात्र आमचा हात आखडला.

यावर ठरलेली उत्तरे असतात. "तिला हौस आहे." "तिला कोणी नको म्हटलंय?" "सांगितलं असतं तर केली असती मदत." हौस असणाऱ्या माणसाला कधीतरी नाही म्हणायची मोकळीक असावी लागते. ती नसेल, तर तिला हौस म्हणणे ही सोयीची बतावणी आहे. आणि मदत हा शब्दच सांगतो की काम तिचे आहे, आम्ही केले तर उपकार. 2019 च्या देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षणात शंभरातल्या सुमारे 81 स्त्रिया रोज घरकाम करताना आढळल्या आणि पुरुष अवघे 26. ज्या स्त्रिया घरकाम करत होत्या त्यांची दिवसाला सरासरी 299 मिनिटे त्यात जात होती. जे थोडे पुरुष करत होते त्यांची 97. ज्या घरात मुलगी शिकली, नोकरीला लागली, तिथेही तिचा रविवार तुंबलेले कपडे, आठवड्याच्या भाज्या आणि पाहुणे यांतच संपतो.

मग घरकामाच्या मावशींचे काय? महाराष्ट्राने 2008 साली घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला. पण आठवड्याची पगारी सुट्टी आजही घराघरातल्या मर्जीवर लटकलेली आहे. जी बाई स्वतः कार्यालयात पाच दिवसांच्या आठवड्याचा हक्क मागते, तीच शनिवारी सांगते, "मावशी, उद्या पाहुणे आहेत, जरा लवकर या." मावशी चार घरी काम करतात, चारही घरांचा रविवार त्यांच्या पाठीवर येतो. त्यांच्या घरी मुले आहेत, त्या मुलांनाही आई हवी आहे, हे आमच्या मनाला शिवत नाही.

आणि रोजंदारीवरचा माणूस? आठवड्याची सुट्टी 1948 च्या कारखाने कायद्यानेही बंधनकारक केली. पण ठेकेदाराच्या हाताखाली रोजावर राबणाऱ्याला त्या दिवसाचा पैसा मिळत नसेल, तर त्याच्या लेखी ती सुट्टी नव्हे, खाडा. घरात आजारी म्हातारी आहे, मुलाची फी भरायची आहे, तो खाडा कसा परवडेल? म्हणून तो सातव्या दिवशीही दुसऱ्या कुणाच्या बांधकामावर, कुणाच्या केळीच्या बागेत, कुणाच्या जिनिंगवर उभा असतो. सुट्टी कागदावर आहे, पोटात नाही. त्याच्याबद्दल "हे लोक सुट्टीच घेत नाहीत" असे कौतुकाने बोलणारे मी ऐकले आहेत. नाइलाजाचे असे कौतुक करणे हा निष्ठुरपणा आहे.

विश्रांती फक्त दुखऱ्या पाठीसाठी लागत नाही. माणसाला माणूस म्हणून वाढायला रिकामा वेळ लागतो: वाचायला, बोलायला, चार माणसांत बसायला, काहीच न करायला. याची साक्ष आमच्याच खानदेशात आहे. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात 21 फेब्रुवारीपासून 19 जूनपर्यंत ओळीने अठरा रविवारी विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली. साने गुरुजींनी ती लिहून घेतली, म्हणून 'गीता-प्रवचने' हा ग्रंथ आपल्या हाती आला. दगडी भिंतींआडच्या कैद्यांच्या वाट्याला विचार ऐकण्याचा रविवार आला. आमच्या घरातल्या, कैदी नसलेल्या बाईच्या वाट्याला तो अजून आलेला नाही. कितीजणींच्या मनात राहिलेली गाणी, कविता, अपुरे शिक्षण, मैत्रिणींच्या भेटी या एका दिवसाअभावी विरून गेल्या असतील, याचा हिशेब कोणत्या वहीत मांडायचा?

हा दोष एकट्या सरकारचा किंवा मालकाचा नाही. लोखंड्यांच्या काळी मालक गिरणीच्या कचेरीत बसे. आज तो प्रत्येक दिवाणखान्यात बसला आहे, वर्तमानपत्र वाचतो आहे आणि दुसऱ्यांदा चहा मागतो आहे. स्वतःच्या हक्कासाठी युनियनचा झेंडा धरणाऱ्या हाताने घरी कधी कढई घासली नसेल, तर त्या झेंड्याचा अर्धाच अर्थ त्याला कळला आहे.

याला मोठी चळवळ उभी राहीपर्यंत थांबण्याचे कारण नाही. येत्या शनिवारी संध्याकाळी मावशींना सांगा: उद्या येऊ नका, पगार कापणार नाही, आणि दर रविवारी असेच. ठेकेदाराला काम देताना करारातच सातव्या दिवसाचा रोज लिहून घ्या; थोडे जास्त पैसे पडतील, ते द्या. आणि रविवारी चूल कोणाच्या हाती, याची घरात पाळी लावा. तिच्यात वडिलांचे नाव घाला, मुलाचे घाला, आणि आईचे नाव दर आठवड्याला घालू नका. बट्टी करपली तर करपली. मुलांनी ती खावी आणि कढईही त्यांनीच घासावी. ज्या घरात हे होणार नाही, त्या घराने रविवारच्या गोड आठवणी सांगू नयेत. त्या आठवणींवर त्याचा एकट्याचा हक्क नाही.