लांडगा खरोखरीच आला तेव्हां

मेंढपाळाच्या पोराची गोष्ट आपणांपैकीं कोणास ठाऊक नाहीं? "लांडगा आला रे आला" असें ओरडून त्यानें गांवकऱ्यांस दोनदां फसविलें; तिसऱ्या खेपेस लांडगा खरोखरीच आला, पण कोणी धांवून गेलें नाहीं. खोटें बोलूं नये, हें ह्या गोष्टीचें तात्पर्य आम्हीं शिक्षकांनीं सांगावें व मुलांनीं तें वहींत उतरून घ्यावें, असा परिपाठ आहे. तात्पर्य खरें आहे; पण तें अर्धें आहे. गोष्टीच्या शेवटीं मेंढरें मेलीं तीं कोणाचीं? गांवकऱ्यांचीं. पोर लबाड आहे हा त्यांचा निर्णय अगदीं बरोबर होता, आणि तरीहि त्यांचें नुकसान व्हावयाचें तें झालेंच. कारण त्यांनीं ओरडणाऱ्याची पारख केली, टेंकडीवर जाऊन मात्र पाहिलें नाहीं. युद्ध होणार कीं नाहीं अशी चर्चा जगांत चालू असते, तेव्हां हें दुसरें तात्पर्य विशेष ध्यानांत ठेवावें असें मला वाटतें. व त्यासाठीं एक अलीकडचें उदाहरण वाचकांपुढें मांडतों.

सन २०२१ च्या अखेरीस रशियानें युक्रेन देशाच्या सीमेवर फार मोठें सैन्य जमविलें. हा स्वारीचा बेत आहे, असें अमेरिका व ब्रिटन यांचीं सरकारें उघडपणें सांगूं लागलीं. हेरखात्यानें मिळविलेली माहिती सरकारें सहसा कुलुपांत ठेवितात. ह्या खेपेस ती चव्हाट्यावर मांडण्यांत आली. हेतु हा कीं, रशियाचा डाव आधींच उघडा पडावा व खोटें निमित्त काढून त्यास युद्ध सुरू करतां येऊं नये. रशियाच्या अधिकाऱ्यांनीं हें सारें थोतांड ठरविलें. ता. १६ फेब्रुवारी २०२२ रोजीं स्वारी होणार, अशी बातमी पाश्चात्त्य वृत्तपत्रांत झळकली. तो दिवस आला आणि गेला. कांहींच झालें नाहीं. तेव्हां रशियाच्या परराष्ट्रखात्याच्या प्रवक्त्या मारिया झाखारोवा यांनीं, आमच्या वर्षभराच्या स्वाऱ्यांचें वेळापत्रक छापावें, म्हणजे मला रजेचा बेत आंखतां येईल, अशा अर्थाची थट्टा केली. पुष्कळ लोक हंसले. आठच दिवसांनीं, ता. २४ रोजीं पहांटे, रशियाचें सैन्य युक्रेनमध्यें शिरलें.

हंसणारे सारेच मूर्ख होते असें म्हणणें अन्यायाचें होईल. त्यांस एक जुनी आठवण होती. ता. ५ फेब्रुवारी २००३ रोजीं अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनीं संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीपुढें, इराकपाशीं भयंकर संहारक शस्त्रास्त्रें आहेत, असें छातीठोकपणें प्रतिपादन केलें. पुढच्याच महिन्यांत इराकवर स्वारी झाली; तीं शस्त्रास्त्रें मात्र सांपडलीं नाहींत. म्हणून ता. ३ फेब्रुवारी २०२२ रोजीं, रशिया खोटी चित्रफीत बनविण्याच्या तयारींत आहे, असें अमेरिकन प्रवक्त्यानें सांगतांच एका वार्ताहरानें पुरावा मागितला, तो कांहीं चुकला नाहीं. येथें विद्यार्थ्यांनीं एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. असत्याची किंमत असत्य बोलणाराच देतो असें नाहीं. इराकसंबंधीं गेलेली पत युक्रेनच्या वेळीं आड आली, आणि तिचा भार ज्यांनीं कोणासच फसविलें नव्हतें अशा लोकांवर पडला.

युद्धापूर्वींच्या बोलण्यांत निव्वळ खरें आणि निव्वळ खोटें असे दोनच प्रकार नसतात. धर्मराजाचें "नरो वा कुंजरो वा" आपणांस माहीतच आहे; शब्द खोटा नव्हता, पण द्रोणाचार्यांचें शस्त्र त्यानेंच गळून पडलें. रशिया बोलत होता तो बेत झांकण्यासाठीं. अमेरिका बोलत होती ती बेत मोडण्यासाठीं. आणि युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की यांनीं ता. २८ जानेवारी रोजीं परदेशी वार्ताहरांस, घबराट माजवूं नका, तिनें आमचा व्यापार बुडतो, असें बजावलें, तें प्रजेचा धीर सुटूं नये म्हणून. त्याच वर्षीं ऑगस्टांत त्यांनीं आपल्या ह्या धोरणाचा खुलासा केला, तेव्हां त्यांच्याच देशांत त्यांवर टीकाहि झाली. आधीं कळलें असतें तर आम्हीं मुलांबाळांस सुरक्षित ठिकाणीं नेलें असतें, असें कित्येकांचें म्हणणें पडलें. तात्पर्य, तिन्ही बोलण्यांस हेतु होता. हेतु असला म्हणजे बोलणें खोटेंच असतें असें नाहीं. पण हेतु ओळखल्यावांचून तें तोलतां येत नाहीं.

मग सामान्य माणसानें करावें काय? टेंकडी चढावी. ह्या प्रसंगीं ती टेंकडी सर्वांस खुली होती. खासगी कंपन्यांच्या उपग्रहांनीं घेतलेलीं छायाचित्रें रोज प्रसिद्ध होत होतीं. ता. १५ फेब्रुवारी रोजीं रशियानें, आमच्या कांहीं पलटणी कवायती आटोपून परत निघाल्या आहेत, असें जाहीर केलें. पण त्याच सुमारास, युक्रेनच्या सीमेपासून थोड्याच अंतरावर, बेलारूस देशांतील प्रिप्यात नदीवर लष्करी तरता पूल उभा राहिल्याचें छायाचित्रांत दिसलें. ता. १८ रोजीं डोनेत्स्क येथील रशियाच्या पक्षपाती पुढाऱ्यानें, संकट अकस्मात् ओढवलें आहे, नागरिकांनीं प्रांत सोडावा, असें आवाहन केलें. त्याची चित्रफीत दोन दिवस आधींच तयार झाली होती, हें तिच्याच नोंदीवरून उघडकीस आलें. शब्द माघारीचे व पूल पुढें जाण्याचा, अशा वेळीं शहाण्यानें शब्द सोडून पुलाकडे पाहावें.

हा प्रश्न दूरदेशींचा म्हणून सोडून देण्यासारखाहि नव्हता. युक्रेनमध्यें त्या वेळीं सुमारें २०,००० भारतीय होते, त्यांत बहुतेक वैद्यकीचे विद्यार्थी; महाराष्ट्रांतील मुलेंमुलीहि त्यांत होतीं. ता. १५ फेब्रुवारी रोजीं कीव्ह येथील भारतीय वकिलातीनें, ज्यांचें राहणें आवश्यक नाहीं त्यांनीं तात्पुरतें देश सोडण्याचा विचार करावा, अशी सूचना दिली. इकडे आईबापांस तिकिटाचे पैसे उभे करावयाचे, तिकडे वर्ग चालूच, आणि दूरचित्रवाणीवर एक म्हणे युद्ध होणार, दुसरा म्हणे सारी हूल आहे. ता. २४ रोजीं आकाशमार्ग बंद झाला व कीव्हकडे निघालेलें एअर इंडियाचें विमान वाटेंतूनच परत फिरलें. पुढें सरकारनें सुमारें २२,५०० जणांस सुखरूप आणिलें, हें खरें, पण त्यांतील अनेकांस तळघरांत रात्री काढाव्या लागल्या व बर्फांतून सीमेपर्यंत पायपीट करावी लागली, आणि ता. १ मार्च रोजीं खारकीव्ह येथें एक भारतीय विद्यार्थी माऱ्यांत सांपडून मृत्यु पावला. त्या आईबापांस दोष देणारा मी कोण? पण असा प्रसंग उद्यां आपल्या घरींहि येऊं शकेल, हें आपण जाणावें.

कोणी म्हणतील, प्रत्येक आवईवर विश्वास ठेविला तर माणसास जगणेंच कठीण होईल. आक्षेप रास्त आहे. सावध करणाऱ्यांचेंहि सर्वच खरें ठरलें नव्हतें. स्वारीची तारीख चुकली, आणि कीव्ह नगर थोड्याच दिवसांत पडेल ही अनेक तज्ज्ञांची अटकळहि फोल ठरली. परंतु विश्वास ठेवणें निराळें व तयारी ठेवणें निराळें. आभाळ भरून आलें असतां जो छत्री घेऊन निघतो, तो पाऊस पडणारच अशी पैज मारीत नाहीं. पाऊस न पडला तर छत्री वागविल्याचा शीण तेवढा होतो. बुडालेला एक सहामाहीचा अभ्यास भरून काढतां येतो, गेलेला जीव परत आणितां येत नाहीं. हा हिशेब ज्यानें केला, त्यास बातमी खरी कीं खोटी हें ठरेपर्यंत हातावर हात ठेवून बसावें लागत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या हातीं आज मोबाइल आहे, आणि कंड्या पिकविण्यास त्याहून सुपीक जमीन नाहीं. युद्धाची वार्ता कानीं आली म्हणजे ती दुसऱ्यास धाडण्यापूर्वीं मनास विचारा: हें सांगणारा कोण, व त्याचा लाभ कशांत आहे? त्यानें हें स्वतः पाहिलें कीं नुसतें ऐकलें? आणि बोलणें बाजूस ठेविलें तर कृति काय दिसते? उत्तर सांपडलें नाहीं, तर ती वार्ता आपल्यापाशींच थांबूं द्या. ओरडणाऱ्या पोरास हंसणें सोपें आहे, त्याच्यामागें आंधळेपणानें धांवणेंहि सोपें आहे. टेंकडी चढण्यास मात्र दम लागतो. तेवढा दम ज्या गांवांत दोघांतिघांपाशीं असेल, त्या गांवचीं मेंढरें रात्रीं सुरक्षित राहतील.