हिवाळ्यातली कुडा लेणी

आपल्या समाजाचे वर्षभराचे प्रवास ठरलेले आहेत. १ जानेवारीला भीमा कोरेगाव, २० मार्चला महाड, दसऱ्याला नागपूर, ६ डिसेंबरला दादर. मे महिन्यात मुलांना घेऊन गाव. या प्रवासांत आपण गर्दीने जातो आणि ती गर्दी असायलाच हवी. पण जानेवारीचा दुसरा पंधरवडा ते मार्चची सुरुवात हे दिवस मोकळे राहतात. नाताळ-नववर्षाची मोटारवाली मंडळी मुरूड-जंजिऱ्याहून परतलेली असतात आणि डोंगर चढणारी तरुण पोरे तर पावसाळ्यातच येतात. कोकणची किनारपट्टी पायी पाहावी ती याच दिवसांत, असे आमचे मत झाले आहे.

गेल्या जानेवारीत मरोळहून आम्ही अकरा जण कुडा लेण्यांवर गेलो. रायगड जिल्ह्यात तळा तालुक्यात, राजपुरी खाडीच्या काठच्या डोंगरात ही लेणी आहेत. लहान-मोठी मिळून २६ लेणी. आपल्यापैकी कित्येक जण गावी जाताना माणगाववरून रात्री झोपेत पुढे जातात. आडवाटेला एवढा ठेवा आहे हे शेजारच्या गावच्यांनाही माहीत नसते.

चढण फार नाही. म्हातारी माणसे थांबत थांबत वर येतात. पण पावसाळ्यात याच पायवाटेवर शेवाळ धरते, गवत कमरेएवढे वाढते आणि मे महिन्यात कातळ इतका तापतो की चप्पल काढवत नाही. जानेवारीत सकाळी गार वारा, गवत वाळलेले आणि समोर खाडीचे पाणी स्वच्छ दिसते. आम्ही पोहोचलो तेव्हा ओहोटी होती, खाली नुसता चिखल आणि तिवरे. जेवण होईपर्यंत भरती आली आणि सगळी खाडी भरून गेली. मुले लेणी सोडून तेच पाहत बसली. बसू दिले.

लेण्यांवर आमच्याशिवाय कोणी नव्हते. म्हणून एक गोष्ट करता आली, जी गर्दीत कधीच होत नाही. भगवानलाल इंद्रजी आणि बर्जेस यांनी १८८१ साली येथील शिलालेखांचे वाचन प्रसिद्ध केले. त्याच्या मराठी मजकुराची झेरॉक्स आम्ही नेली होती. ती मुलींनी मोठ्याने वाचली. लेणी राजाने खोदली असे आपण सहज बोलून जातो. येथे महाभोज नावाचे सत्ताधारी होते खरे. जवळच्या मांदाड गावाचे नाव त्यांच्या 'मांदव'वरून आले असे मानतात. पण दान देणाऱ्यांत माळी आहे, कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी आहे, वैद्य आहे, भिक्खुणी आहे. एका लेखात शिवम नावाचा उपासक आपली ओळख 'लेखक शिवभूतीचा धाकटा भाऊ' अशी देतो. लेखक म्हणजे कादंबरीकार नव्हे, दरबारचा कारकून! आमच्यासारख्या कारकुनाला हे वाचून केवढा आनंद झाला ते काय सांगावे. पुढे तर अख्खे कुटुंब येते. लेणे शिवमचे, कोरीवकाम पत्नी विजया व मुलांचे, खांब मुलींचे. आणि मुलींची नावेही दगडात आहेत. आमच्यातल्या एका भगिनीने विचारले, आपल्या खोलीच्या कागदावर माझे नाव आहे का? तिचे यजमान खाडीकडे पाहू लागले.

'लेण' हा शब्दही त्या लेखांत तसाच आहे. ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा, आणि शब्द मात्र आजीच्या तोंडचा.

आता पैशाची गोष्ट. मधल्या वारी गेले तर शांतता अधिक, पण नोकरीवाल्याची किरकोळ रजा जाते आणि हजेरीवर काम करणाऱ्याचा खाडा पडतो. सीप्झमध्ये किंवा एम.आय.डी.सी.त कंत्राटावर असलेल्या मुलीला 'बुधवारी चल' म्हणणे सोपे नाही. म्हणून आम्ही रविवारच धरला, फक्त जोडून सुट्टी नसलेला. एवढ्याने काम भागते. पहाटे रिक्षाने घाटकोपर, लोकलने दिवा, तेथून सावंतवाडीच्या गाडीने माणगाव; पुढे तळ्यापर्यंत एस.टी. आणि तळ्याहून सहा आसनी ठरवली. भाकरी, चटणी, उकडलेली अंडी घरची आणि पाणी माणशी दोन बाटल्या. लेण्यांत खोदीव टाकी आहेत, पण त्यांतले पाणी पिऊ नये.

वंदना जरूर घ्यावी. मात्र मेणबत्ती-अगरबत्ती आत पेटवू नये. काजळीने कोरीवकाम काळे पडते आणि कपारीत आग्यामोहोळ असले तर धुराने माश्या उठतात. सहा क्रमांकाच्या लेण्याबाहेर दगडी हत्ती आहे, त्यावर मुलांना बसवून फोटो काढू नयेत. नाव कोरण्याबद्दल तर बोलायलाच नको.

ज्यांची मुले लहान आहेत त्यांनी आधी एखाद्या रविवारी आपल्याच महाकाली लेण्या, म्हणजे जुने कोंडिविटे, नीट फिरून दाखवाव्यात. गोल खोलीतला स्तूप आणि तिच्या जाळीच्या खिडक्या पाहिलेल्या असल्या, की कुड्याला मुले आपण होऊन स्तूप शोधतात. आणि हिवाळ्यात दिवस लवकर मावळतो. चारच्या सुमारास डोंगर उतरावा, कारण तळ्याहून माणगावची एस.टी. चुकली तर बायकामुलांना घेऊन रात्री वाहन शोधत बसावे लागते.