मामूंच्या पिशवीतला वरवंटा

माझे मामू रोह्याचे. १९८७ साली ते मुंबईत किंग्ज सर्कलजवळच्या एका हॉटेलात कामाला होते. खोलीवरच्या मुलांचा वरवंटा फुटला होता, म्हणून एकदा गावाहून परतताना नानीने त्यांच्याबरोबर नवा वरवंटा दिला. पेण, पनवेल करत एसटी सायनला पोहोचली तेव्हा मध्यरात्र उलटली होती. मामू पिशवी खांद्याला लावून चालू लागले आणि गस्तीवरच्या पोरांनी त्यांना अडवलं. "पिशवीत काय आहे?"

पिशवीत दगड होता. त्या दिवसांत, त्या भागात, त्या वेळी. पहिली काठी पायावर बसली. कोणीतरी हॉटेलच्या मालकांना उठवलं, ते धावत आले, "हा माझ्याकडचा पोरगा आहे" म्हणाले, म्हणून मामू वाचले.

आमच्या घरात हा किस्सा सगळे हसत सांगतात. मामू हसत नाहीत.

ती पोरं उगाच घाबरली नव्हती. १९८५पासून साधारण दोन वर्षांत सायन आणि किंग्ज सर्कलच्या परिसरात उघड्यावर एकटे झोपलेले किमान बारा जण मारले गेले. पद्धत एकच, झोपेत डोक्यात मोठा दगड घालायचा. मेलेले लोक कचरा वेचणारे, भीक मागणारे, बेघर. अनेकांची ओळखही पटली नाही. हे सगळं एकाच साखळीतलं आहे, हे पोलिसांच्या लक्षात यायला सहा खून व्हावे लागले. एक बेघर वेटर हल्ल्यातून वाचला, पण अंधारात त्याला हल्लेखोर नीट दिसला नव्हता. पुढे खून थांबले. खुनी सापडला नाही.

१९८९मध्ये कलकत्त्यात तशाच पद्धतीने तेरा जण मारले गेले. खुनी 'स्टोनमॅन' याच नावाने ओळखला जाऊ लागला. तिथे पोलिसांनी संशयितांची धरपकड केली आणि पुराव्याअभावी त्यांना सोडून द्यावं लागलं. दोन्ही शहरांतला मारेकरी एकच होता का, हेही कधी सिद्ध झालं नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्या कामात एक साधा नियम असतो: माहिती नसेल तर रकाना रिकामा ठेवा, अंदाजाने भरू नका. रिकामा रकाना डोळ्यांना टोचतो, म्हणून कोणीतरी शोध घेत राहतं. चुकीचा भरलेला रकाना मात्र पूर्ण दिसतो आणि शोध तिथेच थांबतो.

माणसांना 'खुनी कोण' हा रकाना रिकामा सहन होत नाही. तो भरायला बहुतेक वेळा सगळ्यात जवळचा, सगळ्यात परका आणि सगळ्यात कमजोर माणूस सापडतो.

लंडनच्या व्हाइटचॅपलमध्ये १८८८ साली 'जॅक द रिपर'ने बायकांचे खून केले, तेव्हा तो भाग पूर्व युरोपातून आलेल्या गरीब ज्यूंनी भरलेला होता. संशय लगेच त्यांच्यावर आला. जॉन पायझर नावाच्या ज्यू चर्मकाराला वर्तमानपत्रांतल्या 'लेदर एप्रन' या कुप्रसिद्ध नावाशी जोडलं गेलं. जमावाच्या भीतीने तो नातेवाइकांच्या घरात लपून बसला होता. सप्टेंबरमध्ये त्याला अटक झाली. एका खुनाच्या रात्री तो दुसऱ्याच भागात एका पोलिसाशी बोलत होता, असं निघालं आणि तो सुटला. त्याच महिन्याच्या शेवटी एका भिंतीवर ज्यूंबद्दल खडूने लिहिलेला मजकूर सापडला. दंगल होईल या भीतीने पोलीस आयुक्तांनी तो उजाडण्याआधी पुसायला लावला.

हे जुन्या काळातच होत होतं असं नाही. २०१४मध्ये एका जुन्या शालीच्या डीएनए चाचणीवरून खुनी सापडल्याचा दावा झाला. नाव होतं ॲरन कॉस्मिन्स्की, पोलंडहून आलेला ज्यू न्हावी. मग इतर तज्ज्ञांनी दाखवलं, की अतिशय दुर्मिळ म्हणून सांगितलेल्या खुणेचा क्रमांकच चुकला होता. ३१५ऐवजी ३१४. खरी खूण युरोपीय वंशाच्या ९९ टक्क्यांहून जास्त लोकांत असते. आमच्याकडे अशा चुकीला बग म्हणतात. इथे त्या बगवर एका मेलेल्या माणसाला खुनी ठरवायला लोक तयार होते.

हे वाचताना आपल्यापैकी अनेकांना मालेगाव आठवेल. ८ सप्टेंबर २००६ला, शबे-बरातच्या दिवशी, कब्रस्तानाजवळ स्फोट झाले. मेलेले बहुतेक मुस्लिम होते आणि आरोपी केलेले नऊ जणही मुस्लिमच होते. बहुतेकांनी पाच वर्षं तुरुंगात काढली. २५ एप्रिल २०१६ला विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केलं, तोवर त्यातला एक जण हयात नव्हता.

इथपर्यंत लिहून थांबलो असतो तर लेख सोपा झाला असता. आपल्यावर अन्याय झाला, एवढंच म्हणून. पण मला माझ्याबद्दल सांगायचं आहे.

मी पेणला राहतो. गेल्या वर्षी एका संध्याकाळी ग्रुपवर फोटो आला: डोक्यावर गाठोडं घेतलेला माणूस, खाली 'मुलं पळवणारी टोळी, सावध रहा'. माझी मुलगी तेव्हा खाली खेळत होती. मी विचार केला नाही. रोह्याच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तो पुढे पाठवला, वर 'अर्जंट' लिहून.

दुसऱ्या दिवशी रोह्यात पोरांनी त्या माणसाला अडवलं, गाठोडं रस्त्यावर उलटं केलं, दोन-चार थोबाडीत मारल्या. आपलीच पोरं होती. रात्री मामूंचा फोन आला. त्यांनी एवढंच विचारलं, "माझ्या पिशवीत वरवंटा तरी होता. त्याच्या गाठोड्यात काय होतं?"

त्यात चादरी होत्या. तो चादरी विकत होता.

तो दोन-चार थोबाडीतांवर सुटला. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण सुटले नाहीत. भिक्षा मागत फिरणाऱ्या त्या माणसांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठार मारलं. तो मेसेज पुढे पाठवणारे सगळे काही खुनी नव्हते. त्यातले कितीतरी माझ्यासारखे घाबरलेले बाप असतील.

मग सावध राहायचंच नाही का? राहायचं. मुलांना एकटं सोडू नका, गेटवर लक्ष ठेवा, काही दिसलं तर ११२ लावा. पण सावधगिरी आपल्या वागण्याची असते, आरोप दुसऱ्याच्या चेहऱ्यावर चिकटतो. फोटो पुढे पाठवण्याआधी तीन प्रश्न पुरेत: हे कोणी स्वतः पाहिलं? कधी आणि कुठे? हा माणूस माझा मामू असता तर मी हे पाठवलं असतं का? सूरह हुजुरातमध्ये आलेल्या बातमीची खात्री करून घ्यायला सांगितलंय, नकळत कोणाचं नुकसान होऊन पस्तावायची वेळ येऊ नये म्हणून. ते आपण लहानपणापासून ऐकतो. मीही ऐकलं होतं.

चुकीचं नाव घेतलं की अन्याय दोघांवर होतो. एक ज्याचं नाव घेतलं त्याच्यावर, दुसरा जो मेला त्याच्यावर. सायनच्या फुटपाथवर मेलेल्यांना न्याय मिळाला नाही. त्या रात्री मामूंना मारून टाकलं असतं तर तो मिळाला नसता. उलट पोरं निवांत घरी जाऊन झोपली असती आणि खरा खुनी मोकळा फिरला असता.

मी फोन ठेवला आणि त्याच ग्रुपवर माझ्या नावाने लिहिलं: फोटोतला माणूस चादरी विकतो, मेसेज खोटा होता, पाठवणारा मी. अकरा जणांनी वाचलं. आधीचा मेसेज किती जणांपर्यंत गेला असेल, ते मला कधीच कळणार नाही.